डिजिटल शिल्पातून संग्राह्य खेळणे घडवताना या चुका टाळा

इतरांनी संगणकावर घडवलेली पात्रे त्रिमितीय प्रिंटरवर छापणे, घासून गुळगुळीत करणे, त्यांचे साचे करणे आणि त्या साच्यांतून प्रती ओतून रंगवणे हे माझे अनेक वर्षांचे काम आहे. माझ्याकडे येणाऱ्या फायलींमधील शिल्पकला बहुतेक वेळा उत्तम असते. चेहऱ्यावरचा भाव, वस्त्रांच्या चुण्या, उभे राहण्याची ढब यांवर घेतलेले कष्ट स्पष्ट दिसतात. तरीही त्यांतील बऱ्याच फायली मला परत पाठवाव्या लागतात, आणि त्यामागची कारणे इतक्या वेळा तीच ती असतात की ती एकदा सविस्तर लिहून ठेवणे मला आवश्यक वाटले. पडद्यावरच्या शिल्पाला वजन नसते, जाडी नसते आणि ठरावीक आकारही नसतो. या तिन्ही गोष्टी काम पूर्ण झाल्यावर त्याला देता येतील, असे नवशिक्यांना वाटते. प्रत्यक्षात त्या पहिल्याच दिवशी द्याव्या लागतात.

उंची न ठरवता शिल्प सुरू करणे

फाईल घेऊन आलेल्या माणसाला मी पहिला प्रश्न विचारते तो मूर्तीच्या उंचीचा, आणि बहुतेकांचे उत्तर असते, ‘ते नंतर ठरवू.’ झेडब्रश किंवा ब्लेंडरसारख्या संगणकावर शिल्प घडवण्याच्या प्रणालींत चेहरा हवा तेवढा जवळ आणता येतो, त्यामुळे एकटा डोळा संपूर्ण पडदा व्यापतो आणि शिल्पकार त्या डोळ्याच्या कोपऱ्यातील सुरकुत्यांवर दोन दिवस घालवतो. आता थोडा हिशेब करून पाहा. १८० सेंटिमीटर उंचीचे पात्र १/६ प्रमाणात ३० सेंटिमीटर होते आणि १/१२ प्रमाणात १५ सेंटिमीटर. त्या १५ सेंटिमीटरच्या मूर्तीचे डोके सुमारे २ सेंटिमीटर उंच असेल आणि डोळा जेमतेम अडीच मिलिमीटर रुंद. एक मिलिमीटर जाडीचे कापड त्या प्रमाणात ०.०८ मिलिमीटर जाड राहील. द्रव रेझिन प्रकाशाने थराथराने घट्ट करणाऱ्या घरगुती रेझिन प्रिंटरचा एक बिंदूच साधारण ०.०२ ते ०.०५ मिलिमीटरचा असतो आणि छपाईचा एक थर बहुधा ०.०५ मिलिमीटरचा ठेवतात. त्यामुळे त्वचेवरची रंध्रे तिथे उमटण्याचा प्रश्नच उरत नाही, आणि जे थोडेफार उमटेल ते प्राइमरच्या, म्हणजे रंगाआधीच्या अस्तराच्या, पहिल्या हातातच बुजून जाईल.

एका तरुण शिल्पकाराने माझ्याकडे भालाधारी योद्ध्याचे शिल्प आणले होते. त्याने ते ३० सेंटिमीटर उंचीसाठी घडवले होते आणि त्या उंचीला ते नीट छापले गेले असते. मात्र खर्चाचा अंदाज घेतल्यावर त्याने मला उंची निम्मी करायला सांगितले, कारण उंची निम्मी झाली की साहित्य एक अष्टमांश लागते, हा त्याचा हिशेब अगदी बरोबर होता. त्याने लक्षात घेतले नाही ते एवढेच की उंचीबरोबर प्रत्येक जाडीही निम्मी होते. अंगावरच्या शेल्याची कड ०.८ मिलिमीटर होती, ती ०.४ झाली. भाल्याचा दांडा काडीसारखा झाला. मी त्याला सावध केले, पण त्याला एका प्रदर्शनाची तारीख गाठायची होती, म्हणून त्याच्या आग्रहाखातर मी मूर्ती तशीच छापली. छपाईत मूर्तीला टेकू देणारे आधार काढताना तिची दोन बोटे तुटली, शेला धुऊन वाळेपर्यंत कडेने मुडपला, आणि ज्या चेहऱ्यावर त्याने सर्वाधिक वेळ दिला होता त्यावरचे डोळे राखाडी प्राइमरखाली दोन उथळ खळगे होऊन राहिले. तो मूर्ती हातात घेऊन बराच वेळ काही बोलला नाही, आणि त्या वेळी मलाही फार वाईट वाटले, कारण शिल्प खरोखरच सुंदर होते.

त्यानंतर आम्ही दोघांनी मिळून ते पुन्हा केले. शेल्याची जाडी मध्यभागी दीड मिलिमीटर केली आणि फक्त कडेला आतल्या बाजूने उतार दिला, म्हणजे समोरून पाहताना तो पातळच वाटतो. भाला पकडलेली बोटे वेगवेगळी न ठेवता दोन-दोनच्या जोडीने एकमेकांना चिकटवली. भाल्याचा दांडा शिल्पातून काढून टाकला आणि त्याजागी दीड मिलिमीटर व्यासाची पोलादी तार बसवली. डोळ्यांच्या खाचा, ओठांमधील रेघ आणि चुण्यांमधील दऱ्या मुळापेक्षा जवळजवळ दीडपट खोल केल्या. पडद्यावर हे सगळे बटबटीत दिसत होते आणि त्याला ते पटत नव्हते. छापलेली मूर्ती हातात आल्यावर मात्र ती आधीच्या चित्राशी अधिक मिळतीजुळती निघाली. लहान आकारात सावली आपोआप पडत नाही, ती कोरून आणावी लागते.

माझी स्वतःची सवय अशी आहे की शिल्पाला हात लावण्याआधी मी प्रत्यक्ष मापाचा एक ठोकळा त्याच दृश्यात ठेवते आणि तो शेवटपर्यंत हलवत नाही. डोके, धड आणि हातपाय यांचे ढोबळ आकार तयार झाले की त्याच दिवशी ते खऱ्या उंचीत छापते, कितीही ओबडधोबड असले तरी. ती छापील प्रत टेबलावर ठेवून हातभर अंतरावरून जे दिसत नाही, त्यावर मी वेळ घालवत नाही. काहींना हा रेझिनचा अपव्यय वाटतो. मला तो सर्वांत स्वस्त खर्च वाटतो.

याच विषयाला जोडून आणखी एक गोष्ट सांगते. एसटीएल या छपाईसाठीच्या प्रचलित स्वरूपातील फायलीत मोजमापाचे एकक नोंदलेलेच नसते, त्यामुळे इंचात घडवलेली मूर्ती मिलिमीटर समजून उघडली की ती २५.४ पट लहान होते. शक्य असल्यास थ्रीएमएफ स्वरूपात फाईल द्यावी, कारण त्यात एकक असते, आणि काहीही झाले तरी फायलीच्या नावातच उंची मिलिमीटरमध्ये लिहावी.

फाईल छपाईयोग्य न करणे

पट्टे, केस, दागिने आणि शरीर हे एकमेकांत घुसलेले वेगवेगळे तुकडे तसेच ठेवून फाईल पाठवू नये. बूलियन (तुकडे जोडून एक करणे) किंवा व्हॉक्सेल रीमेश (सगळा पृष्ठभाग नव्याने विणणे) या सोयी वापरून त्यांची एकसंध, कुठेही छिद्र नसलेली जाळी करावी. कोट्यवधी बहुभुज असलेली फाईल स्लायसरला, म्हणजे शिल्पाचे छपाईसाठी थर पाडणाऱ्या प्रणालीला, गुदमरवते, तेव्हा डेसिमेशन करून, म्हणजे बहुभुज कमी करून, ती काही लाखांवर आणावी. हाताएवढ्या मूर्तीत तो फरक डोळ्यांना दिसत नाही.

तुकडे कुठे पाडायचे याचा विचार मात्र घाईने करू नये. अनेक जण सोयीच्या ठिकाणी, म्हणजे दंडाच्या किंवा मांडीच्या मधोमध, सरळ पातळीने काप घेतात, आणि मग प्रत्येक प्रतीवर तो सांधा लांबी (पुट्टी) भरून बुजवून घासत बसावे लागते. वीस प्रती असतील तर तेच काम वीस वेळा होते. कंबरपट्ट्याची कड, गळपट्टीखालची सावली, बाहीचे टोक, बुटाचा वरचा काठ अशा जागा शिल्पातच उपलब्ध असतात. तिथे कापले तर सांधा लपतो, आणि दोन रंगांची सीमाही तीच असल्यामुळे रंगवतानाही सोपे जाते. सांध्याची खुंटी गोल ठेवू नये, कारण ती फिरते आणि प्रत्येक प्रतीचा हात वेगळ्या कोनात चिकटतो. एका बाजूने सपाट असलेली खुंटी मी वापरते. खुंटी आणि खाच यांत प्रत्येक बाजूला ०.१५ मिलिमीटरच्या आसपास मोकळीक ठेवते आणि खुंटीवर रंग चढणार नाही याची काळजी घेते. पडद्यावर तंतोतंत बसणारे दोन भाग प्रत्यक्षात एकमेकांत शिरतच नाहीत, ही गोष्ट प्रत्येकाने एकदा अनुभवलेली असते. आश्चर्य एवढेच की पुष्कळ जण ती दुसऱ्यांदाही अनुभवतात.

पोकळ मूर्ती आणि अपुरा निचरा

मोठी मूर्ती पोकळ करणे योग्यच आहे, पण भिंत २ ते ३ मिलिमीटरपेक्षा पातळ नसावी आणि छिद्रे किमान दोन असावीत: एकातून रेझिन बाहेर येते आणि दुसऱ्यातून हवा आत जाते. छिद्रच नसेल तर छपाई चालू असताना मूर्तीचा पोकळ भाग टाकीच्या तळाशी वाटीसारखा चिकटतो आणि प्रत्येक थराला तो खेचून काढावा लागतो. त्यातून थर सुटतात किंवा भिंत फुगते. त्याहून वाईट परिणाम उशिरा दिसतो. आत कोंडलेले कच्चे रेझिन काही महिन्यांनी भिंतीला तडे पाडते आणि रंगवलेल्या, विकलेल्या मूर्तीच्या पाठीतून चिकट द्रव झिरपू लागतो. म्हणून मी पोकळी अल्कोहोलने पिचकारीने धुते, पूर्ण वाळू देते आणि छोटा अतिनील दिवा छिद्रातून आत सोडून आतली बाजूही पक्की करते. मगच छिद्र बुजवते.

आधारांच्या बाबतीत माझे मत ठाम आहे. स्लायसरने आपोआप दिलेले आधार जसेच्या तसे स्वीकारू नयेत. चेहरा आधारांच्या विरुद्ध दिशेला ठेवून मूर्ती तिरकी करावी, आणि हनुवटी, बोटांची टोके, बटांची टोके असे हवेत सुरू होणारे भाग एकेक थर पाहून स्वतः शोधावेत. याला अर्धा तास लागतो; तो वाचवण्यासाठी लोक आठ तासांची छपाई वाया घालवतात.

कच्चे रेझिन उघड्या हाताने हाताळू नये. त्याची ॲलर्जी एकदा जडली की पुढे अगदी थोड्या स्पर्शानेही त्वचा भाजल्यासारखी होऊ शकते, आणि मग हे काम सोडण्यावाचून पर्याय राहत नाही. नायट्रिल हातमोजे घालावेत.

चाचणी न घेता छापील नमुन्यावर सिलिकोन ओतणे

या एका चुकीबद्दल मी सर्वांत कळकळीने लिहीत आहे, कारण ती मी स्वतः केली आहे, आणि ती करताना मला ती माहीत होती. संग्राह्य मूर्तींच्या साच्यांसाठी मी प्लॅटिनम सिलिकोन वापरते. ते फारसे आकसत नाही आणि साचा दीर्घकाळ माप धरून राहतो. पण त्यातला प्लॅटिनमचा उत्प्रेरक अतिशय नाजूक असतो. गंधक, कथिलाची संयुगे, अमाइन यांच्या सहवासात तो निकामी होतो, आणि प्रकाशाने घट्ट होणाऱ्या रेझिनमध्ये उरलेली कच्ची द्रव्येही त्याला तसेच मारतात. मग साच्याचा बाहेरचा भाग छान घट्ट होतो, पण नमुन्याला टेकलेला थर, म्हणजे ज्यावर सगळे बारकावे उमटायचे असतात नेमका तोच, चिकासारखा ओला राहतो.

एका पक्षिमुखी पात्राच्या ४० प्रतींचे काम माझ्याकडे होते. नमुना सुरेख छापला गेला होता. पिसांच्या कडा इतक्या स्वच्छ होत्या की मला त्यांच्यावर रेझिन आणि सिलिकोन वेगळे ठेवणाऱ्या लॅकरच्या लेपाचा एकही जादा थर चढवावासा वाटत नव्हता. मी पुढची बाजू लेपली आणि पिसांच्या मागच्या भागात, जिथे फवारा नीट पोचत नव्हता, तिथे ‘एवढ्याने काय होते’ असे म्हणून सोडून दिले. छोट्या तुकड्यावर चाचणी घेण्याची माझी नेहमीची पद्धत होती, पण तिला २४ तास लागतात आणि मुदत जवळ आली होती. मी रात्री सिलिकोन ओतले. सकाळी साचा उघडला तेव्हा पुढची बाजू निर्दोष होती आणि मागे प्रत्येक पिसाच्या खोबणीत चिकट गर भरलेला होता. तो काढायला तीन दिवस लागले. मऊ ब्रश, लाकडी काड्या, अल्कोहोल असे सगळे करून झाले आणि शेवटी पिसांची अकरा टोके मोडल्यावर मी तो नमुना बाजूला ठेवला व नवा छापायला घेतला. वाचवू पाहिलेला एक दिवस मला जवळजवळ दोन आठवड्यांना पडला, आणि त्या शिल्पकाराला मी दिलेला शब्द मोडला, ही गोष्ट मला आजही बोचते.

तेव्हापासून माझा क्रम बदललेला नाही. मूर्ती छापताना त्याच रेझिनचा, नखाएवढ्या नक्षीचा एक छोटा चौकोन मी सोबत छापते. मूर्ती दोनदा स्वच्छ अल्कोहोलमध्ये धुते, पूर्ण वाळवते, आणि मगच अतिनील प्रकाशात ठेवते; ओलसर असताना ठेवली तर पृष्ठभाग पांढुरका आणि कच्चा राहतो. त्यानंतर ॲक्रिलिक लॅकरचे दोन-तीन पातळ हात सर्व बाजूंनी देते आणि ते वास जाईपर्यंत वाळू देते. चौकोनावरही अगदी तेच करते. मग चौकोनावर चमचाभर सिलिकोन ओतून दुसऱ्या दिवशी ते सोलून पाहते. बोटाला जराही चिकट लागले तर मूर्तीला सिलिकोन लागत नाही, मग मुदत कोणतीही असो.

दुभागी साच्यासाठी अर्धी मूर्ती मातीत रुतवताना ती माती गंधकविरहित आहे, असे वेष्टनावर स्पष्ट लिहिलेले असावे. लॅटेक्सचे हातमोजे वापरू नयेत. ज्या काडीने किंवा भांड्यात कधी कथिल सिलिकोन, म्हणजे कथिलाच्या उत्प्रेरकाने घट्ट होणारे सिलिकोन, कालवले आहे, ती काडी आणि ते भांडे कायमचे वेगळे ठेवावे. कथिल सिलिकोनला हा त्रास होत नाही म्हणून काही जण त्याच्याकडे वळतात. एकदोन प्रयोगांसाठी ते ठीक आहे, पण ते आकसते आणि काळानुसार ठिसूळ होते, त्यामुळे पुढच्या वर्षी त्याच साच्यातून मापाच्या प्रती निघतील अशी अपेक्षा ठेवू नये. आणि ओले राहिलेले सिलिकोन गरम केल्याने पुढे घट्ट होईल, असा सल्ला जो देतो त्याने ते स्वतः कधी करून पाहिलेले नसावे. उष्णतेने चांगले सिलिकोन लवकर जमते. निकामी झालेला उत्प्रेरक जिवंत होत नाही.

दुसरा अर्धा भाग ओतण्याआधी पहिल्यावर सोडवणूक द्रव्य लावायला विसरू नये, नाहीतर दोन्ही अर्धे एक होतात आणि सुरीशिवाय वेगळे होत नाहीत.

ओतकामातील घाई

साच्यात प्रती ओतण्यासाठीच्या पॉलियुरेथेन रेझिनला (हे छपाईच्या रेझिनपेक्षा वेगळे) ओलावा चालत नाही. त्यातील आयसोसायनेट पाण्याशी संयोग पावून कार्बन डायऑक्साइड सोडतो आणि ओतलेला भाग फेसाळतो. म्हणून दमट दिवसांत उघडी बाटली तशीच ठेवू नये आणि लाकडी काडीने कालवू नये, कारण लाकडात ओल असते. हे काम हवेशीर जागेत आणि वाफेसाठीचा योग्य मुखवटा लावूनच करावे. बुडबुडे घालवण्यासाठी दाबाचे भांडे वापरणार असाल तर साचाही त्याच दाबाखाली केलेला असला पाहिजे. उघड्यावर केलेल्या साच्यात अडकलेले हवेचे कण दाब पडताच आकसतात, सिलिकोन तिथे आत दबते, आणि मूर्तीच्या गालावर पुटकुळ्या येतात. भांड्यावर लिहिलेली दाबाची मर्यादा ओलांडू नये, याबाबत मी कुणाचेही ऐकून घेत नाही. नाक, हनुवटी, बोटे अशा उंच टोकांपासून हवा बाहेर पडण्यासाठी बारीक वाटा ठेवाव्यात. प्रतीची प्रत काढू नये. प्रत्येक पिढीत मूर्ती थोडी आकसते आणि कडा बोथट होतात.

मऊ व्हिनाइलची मूर्ती हवी असेल तर सगळा विचार मुळापासून वेगळा करावा लागतो, आणि रेझिनसाठी घडवलेली फाईल तशीच पाठवणे ही मोठी चूक ठरते. जपानमध्ये सोफुबी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीत मेणाच्या नमुन्यावर विद्युतलेपनाने तांब्याचा साचा चढवतात, त्यात द्रवरूप पीव्हीसी, म्हणजेच व्हिनाइल, तापवतात, आणि भाग गरम व लवचीक असतानाच पक्कडीने साच्याच्या तोंडातून ओढून काढतात. म्हणजे प्रत्येक भागाला पुरेसे रुंद तोंड हवे, अणकुचीदार टोके कमी हवीत, आणि व्हिनाइल थंड होताना आकसते म्हणून नमुना मोठा हवा. तो किती मोठा, हे ज्यांच्याकडे साचा करायचा त्यांनाच विचारावे, कारण त्यांच्या साहित्यावर ते अवलंबून असते. एका घोट्यावर तोललेल्या मूर्तींचाही इथेच विचार करावा. गुरुत्वमध्य पावलांच्या आत पडत नसेल तर तळाला चिकटवलेली मूर्ती पहिल्या दिवशी उभी राहते आणि उष्ण दिवसांत हळूहळू पुढे झुकते. घोट्यातून तळापर्यंत धातूची तार घातल्याशिवाय मी अशी मूर्ती बाहेर पाठवत नाही.

रंग आणि पाठवणी

साच्यातून निघालेल्या प्रतीवर सोडवणूक द्रव्याचा तेलकट थर असतो. तो भांडी घासण्याच्या साबणाने धुतल्याशिवाय लावलेला प्राइमर चिकटपट्टीबरोबर सोलून येतो. थरांच्या रेषा नमुन्यावरच घासून घालवाव्यात, प्रत्येक प्रतीवर नव्हे. मऊ पीव्हीसीवर कोणताही फवारा रंग मारू नये, कारण पीव्हीसीला मऊ ठेवणारे द्रव्य, म्हणजे प्लास्टिसायझर, काही रंगांना कायमचे चिकट ठेवतो. व्हिनाइलसाठीचाच रंग घ्यावा आणि तो आधी तळपायाखाली लावून पाहावा. अशी मूर्ती लहान मुलांसाठी विकायची असेल तर ती आता संग्राह्य वस्तू राहत नाही, तिला खेळण्यांच्या सुरक्षेचे नियम लागू होतात. सुमारे ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या प्रमाणित नळकांड्यात जो सुटा भाग पूर्ण मावतो, तो तीन वर्षांखालील मुलांसाठी धोकादायक मानला जातो. पेटीवर ‘संग्राहकांसाठी’ असे छापून ही जबाबदारी टळत नाही.

स्पर्शाला कोरडा लागणारा रंग आतून पक्का झालेला असतोच असे नाही. पहिल्या वर्षी मी संध्याकाळी रंगवलेल्या मूर्ती सकाळी बुडबुड्यांच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळल्या, आणि त्या घेणाऱ्यांच्या हाती पडल्या तेव्हा प्रत्येकीच्या खांद्यावर गोल गोल ठसे उमटलेले होते. आता शेवटचा हात दिल्यावर मी मूर्ती आठवडाभर झाकून ठेवते, आधी पातळ मऊ कागदात गुंडाळते, आणि फोममध्ये अशी खाच कापते की सगळा भार धडावर येतो. मनगटे, घोटे आणि हातातले शस्त्र यांच्याभोवती बोटभर जागा मोकळी सोडते.